दुसरी मूठ

ग्रीनलँडचा जावई फ्रिजचं दार सताड उघडून त्याच्यासमोर पाट मांडून बसला होता, आणि नवाथ्यांच्या घरात त्याला ‘ऊठ’ म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. भाद्रपदातलं ऊन, मधेच एक सर, सरीनंतर नुसती वाफ. असल्या हवेत रत्नागिरीचा माणूससुद्धा पंचाने वारा घेतो. हा तर अशा मुलखातला, जिथे म्हणे लोकांचे शब्द थंडीने तोंडातच गोठतात आणि घरी नेऊन चुलीपुढे ठेवल्यावर ऐकू येतात. निदान घरातले थोरले तात्या तरी वाडीभर असं सांगत फिरत होते, आणि जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला खोटं कोण पाडणार?

“अगो हेमा, तुझ्या जावयाने फ्रिजातली सगळी थंडी खाल्लीन बघ,” थोरल्या जाऊबाई मथुरावहिनी म्हणाल्या. “दूध नासलं तर खिरीत काय घालू, समुद्राचं पाणी?”

“त्याला एक बांगडा दाखवा वहिनी, लगेच उठेल.”

“गौरी घरात असताना बांगडा? तुझ्या गुहागरात चालत असेल.”

“माझ्या गुहागरात गौरीही नाहीत नि गणपतीही नाही,” हेमाकाकूने उकडीचा गोळा परातीत आपटला. “तेच तर रडगाणं आहे.”

तर ते रडगाणं असं. नवाथ्यांचा गणपती एकच. माणसं मुंबईला गेली, गुहागरला गेली, हेमाकाकूची मनस्विनी तर मत्स्य महाविद्यालयातून पास होऊन पार उत्तर ध्रुवाच्या शेजारी कोळंबी मोजायच्या नोकरीला गेली आणि तिथल्या मिनिकशी लग्न करून मोकळी झाली. तरी गणपती एकच, आणि तो मूळ घरी, थोरल्या दिरांच्या म्हणजे तात्यांच्या राज्यात. विसर्जन झालं की घरातल्या थोरल्याने पऱ्याच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, तळातली मूठभर माती काढायची, हळदीच्या पानावर घालायची आणि ते पान गणपतीच्या पाटावर ठेवायचं. पुढच्या नागपंचमीला पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, गेला की ती माती नव्या मूर्तीच्या पोटात बसायची. एक मूठ, एक गणपती. कुणाला वेगळा गणपती हवा असेल तर थोरल्याने दुसरी मूठ उचलायची. त्याशिवाय बाजारातून हत्तीएवढी मूर्ती आणलीत तरी नवाथ्यांच्या लेखी ते खेळणं. तात्यांच्या आजोबांनी एकदा दुसरी मूठ उचलली होती, त्यातून मिरजेचे नवाथे झाले. त्यानंतर कुणी नाही. आणि पाटावर पडलेली मूठ परत पाण्यात टाकता येत नसे. टाकली तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच सगळे भीत.

हेमाकाकूच्या यजमानांनी, नानांनी, गुहागरात सुपारीच्या वाडीत घर बांधलं तेव्हा बैठकीच्या खोलीत गणपतीसाठी एक कोनाडा ठेवला. दर विसर्जनाला नाना पऱ्याच्या काठी उभे राहायचे, तात्या एक मूठ उचलायचे, आणि नाना फेरीबोटीने खाडी ओलांडून हात हलवत परत. नाना गेले, कोनाडा राहिला. सध्या त्यात मिक्सर होता. यंदा मात्र हेमाकाकूने मनाशी ठरवलं होतं की मिक्सर हलवायचा. तवसाळच्या धक्क्यावर बोटीत चढताना गुडघ्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, बाई गो, आमच्या भरवशावर आता फार वर्षं येऊ नकोस. आज पऱ्यावर दुसरी मूठ निघाली तर निघाली. नाहीतर तो कोनाडा मिक्सरचाच.

इतक्यात खुद्द तात्या स्वयंपाकघरात आले. उंच, काटकुळे, सोवळं नेसलेला बांबूच जणू.

“हळदीची पानं कुठायत?” म्हणत त्यांनी पातोळ्यांसाठी धुऊन ठेवलेल्या चळतीतली वरची दोन उचलली.

“भावजी, मातीला एकच लागतं ना? पातोळ्या कमी पडतील माझ्या.”

“आणि एक फाटलं तर? पऱ्यात उभा राहून तुझ्या नावाने हाका मारू?” पानं कमरेला खोवून ते फ्रिजकडे वळले. आंब्याला मोहर किती आला हे विचारावं तशा सुरात त्यांनी विचारलं, “काय मिनिकराव, स्वातंत्र्य कुठवर आलं तुमचं?”

मिनिक हसला. तो हसला की त्याचे डोळे नाहीसे व्हायचे. “येतंय,” त्याने पाठ केलेल्या मराठीत उत्तर दिलं.

जगात कुठेही नवा देश जन्मला की तात्या वाडीत पेढे वाटत. पूर्व तिमोरचे वाटले, दक्षिण सुदानचे वाटले. ओटीवर जगाचा मोठा नकाशा टांगलेला असे आणि त्यावर नव्या सीमा तात्या स्वहस्ते लाल पेन्सिलीने आखत. जिथे पोराच्या बारशाला साखरफुटाण्यांवर भागवतात त्या वाडीने दक्षिण सुदानची राजधानी पेढ्यांच्या बळावर पाठ केली होती. पुतणजावयाच्या देशासाठी तर त्यांनी पेढ्यांचा खोका आगाऊच आणून ठेवला होता, न जाणो, चतुर्थी ते विसर्जन यांच्या मधेच ग्रीनलँड मोकळं झालं तर! कुठल्याही बेटाने स्वातंत्र्य मागावं आणि तात्यांनी भरल्या ताटावरून उठून त्याला पाठिंबा द्यावा. फक्त गुहागरचं नाव निघालं की त्यांचा चेहरा परराष्ट्रखात्यासारखा व्हायचा. “गुहागर,” ते म्हणत, “हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.”

अकराच्या सुमारास हेमाकाकू मागीलदारी नारळ सोलायला गेली, तर विहिरीपाशी शौनक उभा. हा मधल्या दिरांचा मुलगा, मुंबईत हॉटेलांच्या धंद्यात. आंजर्ल्याला त्याने एक अख्खा डोंगर घेतला होता आणि गाडीतून उतरताना तो पुढच्या डोंगराकडे अशा नजरेने बघायचा की डोंगरच अंग चोरून घ्यायचा.

“काकू, कशाला गं तात्याकाकांपुढे हात पसरतेस? मी देतो तुला मान्यता.”

“तू कोण मेल्या देणारा?”

“का, मी नवाथे नाही? मूठ कसली घेऊन बसलीस, डंपरभर माती ओततो तुझ्या दारात. संगमरवरी मखर करू. आरतीला दिवे असे, की दापोलीहून दिसतील.”

“आणि तुला काय हवं?”

“मला? मला काय हवं असणार? तुझं भलं.” मग त्याने विहिरीत डोकावून पाहिल्यासारखं केलं. “ती समुद्राकडची वाडी तेवढी माझ्या नावावर कर. म्हणजे ती तुझीच गं, फक्त माझ्या नावावर. चार खोल्या काढू. पाहुण्यांना अस्सल कोकणी गणपती बघायला मिळेल. तू नऊवारी नेसून मोदक वळत बसायचं, लोक फोटो काढतील.”

“मोदक वळताना लोक मला बघत बसणार?”

“तिकीट काढून!”

खोटं कशाला सांगा, क्षणभर हेमाकाकूला ते मखर दिसलं. नानांच्या कोनाड्यात पांढरा दगड, त्यात तांबडा गणपती, समोर समई. मग त्याच चित्रात अर्ध्या चड्डीतला एक पाहुणा शिरला आणि समईवर सिगारेट पेटवू लागला.

“विचार करते,” ती म्हणाली. गुहागरात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. मुंबईत ‘हो’ असा होतो. शौनक शीळ घालत गेला.

ती नारळ घेऊन आत आली तेव्हा मथुरावहिनींनी तिला मीठ-मिरच्यांच्या फळीखाली गाठलं. “काय म्हणत होता तो? मूठ देतो म्हणाला ना? मला सगळं ऐकू येतं त्या खिडकीतून.”

“वहिनी, तुम्हाला राग आला ना मी वेगळा मागते म्हणून?”

“आला होता की. गेली पाच वर्षं येतोय. मोदक कोण वळणार म्हणून येतोय.” वहिनींनी आवाज खाली आणला. “पण काल रात्री पासष्ट गाद्या घातल्या मी, आणि डोक्यात आलं, हेमाचा गणपती वेगळा झाला तर निम्मी माणसं तिकडे जातील. तेव्हापासून तुझ्या बाजूने आहे. मुंबईची सगळी ने हो. दुपारी जेवताना मी विषय काढते, तू नुसती तूप वाढत राहा.”

पंगत बसली. तात्या मधे, उजवीकडे मिनिक, समोर मनस्विनी आणि शौनक, आणि दोन्ही बाजूंना मुंबईची मंडळी. तात्यांची जुनी खोड अशी, की हाताला येईल त्या वस्तूने भूगोल शिकवायचा. एकदा न्हाव्याच्या दुकानात साबणाच्या फेसाचा हिमालय करून त्यांनी अर्धं टक्कल तसंच ठेवून मान्सून समजावला होता. आज केळीचं पान समोर असल्यावर काय!

“हे बघा,” त्यांनी भाताची मूद पुढे ओढली. “हे ग्रीनलँड. नकाशात दिसतं तेवढं मोठं नाही हो ते, कागदावर फुगतं. आफ्रिकेत असली चौदा बसतील. पण पांढरंशुभ्र, बरोबर? ही लिंबाची फोड म्हणजे डेन्मार्क. हा मोदक अमेरिका. आणि मधलं हे तूप, हा अटलांटिक महासागर. हेमा, अटलांटिक आटला, वाढ.”

हेमाकाकूने महासागर वाढला.

“आता तीनशे वर्षं या फोडीने या मुदीवर राज्य केलंन! किती अन्याय! बोला मिनिकराव.”

मिनिक आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलला. मनस्विनी भाषांतराला बसली की नवऱ्याच्या दोन वाक्यांचं कीर्तन व्हायचं. “तो म्हणतो, डेन्मार्क म्हणजे थोरला भाऊ. मारकुटा नाही, पण सगळं त्याला विचारून. आम्ही वेगळं व्हायचं मनात धरलेलं आहे. कायद्यात तसं लिहूनही घेतलंय, की लोकांचं मत घ्या आणि व्हा वेगळे. आमची आपसांत भांडणं होती ती कधी व्हायचं एवढ्यावरच. आणि मग अमेरिका म्हणाली, हे बेट मला हवं.”

“विकत?” मथुरावहिनींनी विचारलं.

“विकत, नाहीतर तसंच.”

“माणसांसकट? अगो बाई, भाडेकरूंसकट चाळ घेतात तशी?”

“तशीच. आणि काकू, गंमत बघा. ह्याचा मामा जन्मभर डेन्मार्कच्या नावाने बोटं मोडत आला. अमेरिकेने ते म्हटलं त्या दिवशी तो उठला आणि शेजारच्या डॅनिश माणसाच्या घरी सीलच्या मांसाचा तुकडा घेऊन गेला. म्हणाला, आपण भांडू रे, पण दोघंच भांडू.”

पंगत हसली. मिनिक मात्र हसला नाही, म्हणून त्याचे डोळे पहिल्यांदाच सगळ्यांना नीट दिसले. तो सावकाश बोलत राहिला, आणि या वेळी मनस्विनीने पदरचं काही घातलं नाही.

“तो म्हणतो, एवढा बलाढ्य माणूस नुसता आपल्याकडे वळून बघतो आणि आपल्या घरातले सगळे बेत उलटेपालटे होतात. घाई करून बाहेर पडलो तर अमेरिकेच्या खिशात. नाही पडलो तर डेन्मार्कच्या. आणि डेन्मार्क तर आता इतकं गोड बोलतं! चुकलं म्हणतं, जवळ घेतं. आम्ही रोज एकमेकांना विचारतो, ही माया म्हणायची की भीती? ते कसं ओळखायचं हे अजून कुणाला सापडलं नाही.”

हेमाकाकूच्या हातातली तुपाची वाटी हवेतच राहिली. सहा हजार मैलांवरचा हा पोरगा गुहागरच्या वाडीत कधी येऊन बघून गेला, हेच तिला कळेना.

तात्या मात्र पेटले होते. “हे चालायचं नाही! ज्याला स्वतंत्र व्हायचंय त्याने ठरवावं! थोरल्यानेही अडवू नये आणि उपटसुंभाने विकतही घेऊ नये! स्वातंत्र्य म्हणजे काय बाजारातली भोपळी मिरची आहे?”

“बरोबर बोललात हो,” मथुरावहिनी वरण वाढता वाढता थांबल्या. “आणि गुहागरचं काय?”

तात्यांचा चेहरा परराष्ट्रखात्यासारखा झाला.

“गुहागर,” तात्या म्हणाले, “हा आमचा अंतर्गत—”

“मग मी देतो काकूला मान्यता!” शौनक पानावरूनच ओरडला. “आज, आत्ता, सगळ्यांसमोर. तात्याकाका एक मूठ काढतील, दुसरी मी काढतो. काकू सकाळीच हो म्हणाली.”

मुंबईच्या पंगतीने टाळ्या वाजवल्या. त्यांना आंजर्ल्याला त्याच्या हॉटेलात निम्म्या दरात खोली मिळत असे. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मूद, फोड, मोदक यांच्याकडे ते आळीपाळीने बघू लागले, जणू पानातल्या देशांपैकी आपण कोण हे शोधत होते.

हेमाकाकूने तुपाची वाटी खाली ठेवली.

“शौनक, मी विचार करते म्हणाले होते. केला. तुझी मूठ नको.”

“काकू, पण मग तुझा गणपती—”

“नसेल तर नसेल. मला मूठ हवी ती भावजींच्या हातची. बावीस वर्षं माझा नवरा तिच्यासाठी पऱ्याच्या पाण्यात उभा राहिला. त्याच्या कोनाड्यात मी तुझ्या डंपरची माती बसवू होय? नाही दिलीन भावजींनी तर पुढच्या वर्षी परत मागेन. फेरीबोटीत उचलून घालावं लागलं तरी येईन. आम्ही भांडू, पण दोघंच भांडू.”

“सीलचं मांस तेवढं आणू नको हो,” वहिनी पुटपुटल्या.

तात्यांनी डेन्मार्क उचललं, ग्रीनलँडवर पिळलं आणि मान खाली घालून दोन्ही खाऊन टाकलं. अमेरिका त्यांनी पानात तशीच टाकली. नवाथ्यांच्या घरात मोदक टाकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

दुपारी चारला सर थांबली आणि भागोजीने गणपती डोक्यावर घेतला. भागोजी वरच्या वाडीचा, गेल्या किती वर्षांत त्याच्या डोक्याखेरीज दुसऱ्या कुठल्या वाहनावरून हा गणपती पऱ्यावर गेला नव्हता. मागे झांजा, त्यामागे खड्याच्या गौरी ओंजळीत घेतलेल्या मथुरावहिनी, त्यामागे मोबाइल उंच धरलेला शौनक. सगळ्यात शेवटी काठी टेकत हेमाकाकू. दुखरे गुडघे निसरड्या पायवाटेवर उगाच कुरकुरत होते आणि ती त्यांना दटावत होती, की गप्प बसा रे, आजचा एक दिवस. जेवताना बोलून बसले ते बरं केलं की वाईट, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. हातातली एक मूठ तिने सोडली होती, दुसरी मिळायची काही खात्री नव्हती.

पऱ्याला पाणी भरपूर होतं. मिनिकने ते पाहिलं आणि पंचासकट थेट गळ्यापर्यंत आत जाऊन बसला. पाच दिवसांत प्रथमच त्याच्या तोंडावर माणसात आल्याची कळा आली.

“ह्यो बी इसर्जन झाला काय?” भागोजीने विचारलं.

“त्याला राहू दे, तो निघायचा नाही,” मनस्विनी म्हणाली.

आरती झाली. भागोजी आणि तात्या कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मूर्ती एकदा खाली गेली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि हात रिकामे वर आले. झांजा थांबल्या. दर वर्षी इथेच हेमाकाकू तात्यांच्या हातांकडे बघू लागायची, आणि दर वर्षी शेजारी उभे असलेले नाना तिच्याकडे न बघता म्हणायचे, “बघूया.” ती आज स्वतःशीच म्हणाली, बघूया.

तात्या वाकले. तळातली मूठभर माती काढली, कमरेचं एक हळदीचं पान काढून त्यावर घातली आणि काठावरच्या पाटावर ठेवली. एक मूठ. मग त्यांनी हात धुतले.

हेमाकाकूने काठी उचलली आणि पायवाटेकडे तोंड केलं.

“हं, झालं,” शौनक मोबाइल खाली घेत म्हणाला. “काकू, माझी ऑफर अजून आहे हां.”

“शौनक!” पाण्यातून शाळेतला आवाज आला. या आवाजाने पन्नाशीचे वकीलही अजून बाकावर उभे राहात. “तुझ्या डोक्यात भूगोल अजून शिरलेला दिसत नाही. इकडे ये. काय आहे हे पाटावर?”

“माती.”

“ढ! हे डेन्मार्क. आणि आता बघ, हे,” तात्या वाकले, तळातून ओली मूठ वर काढली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली, “हे ग्रीनलँड. या दोघांच्या मधे अटलांटिक महासागर, म्हणून याला पान वेगळं.” त्यांनी कमरेचं दुसरं पान काढलं, पाटावर पसरलं, त्यावर मूठ ठेवली आणि अंगठ्याने चांगली दाबून बसवली. “आणि तू अमेरिका. बोल, आता तुला कुठे ठेवू? आहे का पाटावर जागा?”

शौनक पाटाकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले.

“तात्यानू,” भागोजीचा आवाज चिरकला, “दोन मुठी!”

“कुठे?”

“ह्या काय! पाटार! दोन!” आणि भागोजीने आभाळ फाटेल अशी आरोळी ठोकली, “गणपतीबाप्पाऽऽ मोरयाऽऽ!”

“अरे अरे, थांबा! चुकलं!” तात्यांनी दोन्ही ओले हात डोक्याला लावले. “मी आपला भूगोल शिकवत होतो! भागोजी, माझं तोंड चालू असताना हात धरायला काय झालं होतं तुला? आता काय करायचं? पाटावर पडली, परत पाण्यात तर टाकता येत नाही!”

“डेमो होता तो!” शौनक ओरडला. “डेमो धरायचा नसतो!”

“डेमो नाय नि फेमो नाय. माती पाटार पडली, येगळा घर झाला,” भागोजी म्हणाला, आणि झांजवाल्यांना खूण केली.

“पडली ती पडली,” मथुरावहिनींनी गौरीचे खडे पाण्यात सोडत निकाल दिला. “मुंबईच्या मंडळींनो, पुढच्या वर्षी गुहागर हो. आत्ताच सांगून ठेवते.”

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. झांजा वाजू लागल्या, मनस्विनी आईच्या गळ्यात पडली, मिनिकला काय झालं ते कुणी सांगितलं नाही तरी तो पाण्यातून उसळून भागोजीबरोबर नाचू लागला आणि त्याचा पंचा एकट्यानेच समुद्राच्या दिशेने निघून गेला. तात्या सगळ्यांना हात जोडून सांगत होते, चुकून झालं हो, वयाचा दोष, चुकून झालं.

हेमाकाकू पाटाजवळ बसली. गुडघे कुरकुरले नाहीत, किंवा तिला ऐकू आलं नाही. दुसरं पान उचलून तिने ओंजळीत घेतलं. सकाळी धुतलं तेव्हा ते हिरवंगार होतं. आता त्याच्या कडा वळल्या होत्या आणि मधोमध सोवळ्याच्या निरीची आडवी घडी पडली होती. दिवसभर कमरेला राहिलेल्या पानाला पडते तशी. सकाळपासून. शौनक विहिरीवर येण्याच्याही आधीपासून. एक फाटलं तर, म्हणाले होते.

तिने मान वर केली. पाण्यात उभे असलेले तात्या, “वयाचा दोष,” असं सातव्या माणसाला सांगत असताना, एकदाच तिच्याकडे बघून लगेच आभाळातल्या ढगांची दिशा तपासू लागले.

माया की भीती हे कसं ओळखायचं ते ग्रीनलँडला अजून सापडलेलं नाही. मिनिकला ते पानावरून कळतं असं सांगावं की काय, असं तिच्या मनात आलं. पण पंचा हरवलेल्या जावयाकडे त्या क्षणी बघायची सोय नव्हती.

घरी आल्यावर तात्यांनी लाल पेन्सिल काढली आणि खुर्चीवर चढून नकाशात गुहागर शोधायला लागले. जगाच्या नकाशात गुहागर पेन्सिलीच्या टोकाहूनही बारीक. शेवटी त्यांनी अंदाजाने एक ठिपका दिला. त्या ठिपक्याखाली मूळ घरासकट अख्खा रत्नागिरी जिल्हा गेला. “नकाशात फुगतंच,” ते म्हणाले. मग ग्रीनलँडसाठी ठेवलेला पेढ्यांचा खोका फुटला. पहिला पेढा त्यांनी मिनिकच्या हातावर ठेवला. “तुमचे तुमच्या वेळी नवे आणू. शिळे नाही वाटायचे स्वातंत्र्याला.” दुसरा त्यांनी शौनकला दिला. त्याने तोंड वाकडं करून खाल्ला आणि तिसरा मागून घेतला.

शेवटी ते हेमाकाकूपाशी आले. ती ओटीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर दोन्ही पानांतलं आपलं एक पान ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

“चुकून झालं हो,” तात्या म्हणाले.

“माहीत आहे भावजी. पान फाटलं असतं तर पंचाईत होती.”

तात्यांनी खोक्यातल्या उरलेल्या पेढ्यांकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “म्हणजे आता पुढच्या वर्षी... इथले मोदक कोण वळणार?”

हेमाकाकूने पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि परराष्ट्रखात्यासारखा चेहरा केला.

“तो,” ती म्हणाली, “तुमचा अंतर्गत प्रश्न आहे.”